फोन न करता दारात आलेला पाद्री: स्वयंसेवी चॅप्लेन सेवेचा आमच्या घरचा अनुभव

पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा पहिल्याच दिवशी कापला. तो कशासाठी, हे आधी सांगते. ज्यांच्या घरचं कुणी अमेरिकेच्या सैन्यात आहे किंवा होतं, त्यांना फार समजावावं लागणार नाही.

शनिवार, सकाळचे साडेनऊ. बेल वाजली. मी दाराच्या काचेतून पाहिलं तर गडद निळं जॅकेट घातलेला, ताठ उभा असलेला माणूस. छातीवर बिल्ला, कॉलरवर छोटासा क्रूस. माझे पाय गळाले. मुलगा सैन्यातून सुटून दहा वर्षं झाली होती, त्या घटकेला तो वरच्या खोलीत घोरत होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं. मी दार न उघडता तिथेच चपलांच्या शेजारी जमिनीवर बसले.

मुलगा अफगाणिस्तानात कंदाहारला होता ते वर्ष मी असंच काढलं होतं, खिडकीचा पडदा बोटभर सरकवून. इथे जवान गेल्याची बातमी फोनवर देत नाहीत. गणवेशातली दोन माणसं घरी येतात. बातमी सांगायला एक जण, आणि सोबत शक्यतो लष्करी चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला पाद्री. त्यामुळे आपल्या रस्त्यावर अनोळखी गाडी हळू झाली की आईच्या पोटात काय होतं ते त्या आईलाच विचारावं. अशा घराच्या दारात, न कळवता, गणवेशासारखं जॅकेट घालून, कॉलरला क्रूस लावून जाऊ नये, एवढं सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळायला हवं होतं. तारा गेला तो इथे.

संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रारी मी पुढेही करणार आहे, आणि ही सगळी मंडळी बिनपगारी काम करतात.

आता चॅप्लेन म्हणजे कोण? माझी पुण्याची बहीण अजून फोनवर ‘तुमचा तो चार्ली चॅप्लिन’ असंच म्हणते. चॅप्लेन म्हणजे पाद्री, पण चर्चमध्ये बसून लोकांची वाट पाहणारा नव्हे. पलटण, इस्पितळ, तुरुंग, जिथे माणसं अडकलेली असतात तिथे जाऊन राहणारा. अमेरिकेच्या सैन्यात हे पद देशाच्याही आधीचं आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६चा, आणि चॅप्लेनांचा पगार मंजूर झाला २९ जुलै १७७५ला, महिना २० डॉलर. लष्करातला चॅप्लेन अधिकारी असतो, पण हत्यार बाळगत नाही. त्याच्याबरोबर एक मदतनीस शिपाई असतो, बंदूक त्याच्याकडे. धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, शिवाय आपापल्या धर्मसंस्थेची शिफारस.

अडचण अशी की जवान सैन्य सोडतो तेव्हा चॅप्लेन पलटणीतच राहतो. माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांत, ज्यांना इथे सगळे व्हीए म्हणतात, पगारी चॅप्लेन असतात आणि चांगले असतात. पण त्यासाठी माणूस इस्पितळापर्यंत जायला हवा. आमचा जात नव्हता. तीन वर्षांत तीन समुपदेशक बदलले. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. चौथ्याला त्याने सांगितलंच नाही. घटस्फोट झाल्यावर आमच्याकडे राहायला आला, रात्री जागायचा, दिवसा झोपायचा. इस्पितळ आणि घर यांच्या मधल्या त्या जागेत हे स्वयंसेवी लोक काम करतात. बहुतेक निवृत्त, बरेचसे स्वतः माजी सैनिक. घरी येतात, अंत्यविधीला उभे राहतात, वादळ-पुरानंतर गावागावात फिरतात. पैसे घेत नाहीत. आमच्याकडून एकदाही देणगी मागितली नाही, हे मुद्दाम नोंदवते.

माझी चूकही सांगायला हवी. संस्थेचा फॉर्म मी मुलाला न विचारता भरला होता. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये कुणीतरी कार्ड दिलं होतं, ते पर्समध्ये महिनाभर पडून होतं. एका रात्री दोन वाजता त्याच्या खोलीतून येरझाऱ्यांचा आवाज येत होता तेव्हा भरला. अकरा दिवस काही उत्तर नाही. मी विसरूनही गेले. आणि मग तो शनिवार.

बहिणीला कळलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “अगं, बाटवतील त्याला!” मी तिला हसले, पण खरं सांगायचं तर फॉर्म भरताना माझंही बोट तिथेच अडखळलं होतं. ‘आम्ही ख्रिस्ती सेवाभावाने काम करतो’ हे त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलंय, लपवलेलं नाही. आम्ही हिंदू. फार सोवळ्यातले नव्हे, पण मुलाच्या गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर नाव, रक्तगट आणि खाली धर्म म्हणून ‘हिंदू’ कोरलेलं होतं. भरतीच्या वेळी त्यानेच लिहायला लावलेलं. त्याच सैन्यात पहिला हिंदू चॅप्लेन नेमायला २०११ उजाडावं लागलं. प्रतिमा धर्म त्यांचं नाव, बाई आहेत, आणि भारतात वाढलेल्या. मुलगा अफगाणिस्तानात असताना मी ती बातमी वाचली होती आणि उगाच आधार वाटला होता, जशी काही त्या त्याच्याच तंबूत जाणार होत्या. त्याच्या तळावरचा चॅप्लेन बाप्टिस्ट होता. “चांगला होता,” एवढंच मुलाने कधीतरी सांगितलं होतं. त्या ‘चांगला होता’च्या भरवशावर मी फॉर्म भरला.

निळ्या जॅकेटवाल्या गृहस्थांना शेवटी आत घेतलं. ते वीस मिनिटं बोलले, आणि त्यातली अठरा मिनिटं तेच बोलत होते. पाप, क्षमा, तारण. मुलगा खाली आला, त्यांनी दिलेली पुस्तिका दोन बोटांत धरून ऐकत राहिला, “थँक यू, सर,” म्हणाला आणि वर गेला. पुस्तिका जिन्याच्या चौथ्या पायरीवर राहिली. मी सोमवारी संस्थेला फोन करून स्पष्ट सांगितलं की आम्हाला प्रवचनकार नको, माणूस पाठवा. पलीकडच्या बाईंनी वाद घातला नाही, सबबी सांगितल्या नाहीत. “तुमच्या मुलाचं वय काय आणि तो सैन्यात काय करत होता?” एवढंच विचारलं. हे खरं तर फॉर्मवरच विचारायला हवं होतं. पण बदलून मिळालं, आणि लगेच मिळालं.

दुसरे आले ते सत्तरीचे, एका कानात यंत्र, अंगात साधा चौकड्यांचा शर्ट. क्रूस असेल तर शर्टाच्या आत. मुलगा गॅरेजमध्ये सायकलची चेन साफ करत होता. यांनी विचारलं, “कुठे बसू?” त्याने मानेने उपडी बादली दाखवली. ते बादली उचलून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि बसले. “हा कान बरा आहे,” म्हणाले. मग फडकं हातात घेऊन चेनचं एक टोक धरून राहिले.

मी कपडे धुण्याच्या खोलीच्या दाराआडून ऐकत होते. लाज वाटते, पण ऐकत होते. एक तास चाळीस मिनिटं. त्यात बोलणं झालं ते एवढं: हा डाग ग्रीसचा आहे की गंजाचा, ही कडी वाकलीय, अशीच एक सायकल माझ्या भावाची होती. दात्यांत अडकलेली काळी घाण मुलगा जुन्या टूथब्रशने काढत होता आणि म्हातारा प्रत्येक कडी फडक्याने पुसून पुढे सरकवत होता. चेन संपली की परत पहिल्या कडीपासून. उठताना त्यांनी विचारलं, “मी जाण्याआधी सहसा छोटीशी प्रार्थना करतो. चालेल?” मुलगा म्हणाला, “नको.” “बरं,” म्हणाले आणि फडक्याची नीट चौकोनी घडी करून बादलीवर ठेवली. पुढच्या मंगळवारी परत आले.

जाताना मला मात्र दारात थांबवलं. “मॅम, तुम्ही ऐकता ते मला चालेल. त्याला चालेल का, ते त्याला विचारा.” इतक्या सभ्यपणे माझा कान कुणी धरला नव्हता. तेव्हापासून मंगळवारी दुपारी मी बाजारात जाते.

त्यामुळे ते दोघं काय बोलतात हे मला माहीत नाही, आणि या परीक्षणात ते नाही. एवढं माहीत आहे की मुलगा मेडिक होता, म्हणजे लढाईत जखमींवर पहिले उपचार करणारा. एकदाच, जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला होता, “दोघे एकदमच आले होते.” आणि उठून गेला होता. व्हीएच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, धडधड कमी करायची गोळी दिली, भीतीवरचे उपचार सुचवले. पण भीती हा त्याचा आजार नव्हताच बहुधा. चॅप्लेननी मला एक शब्द सांगितला, मॉरल इंज्युरी. आपण मराठीत नैतिक जखम म्हणू. जोनाथन शे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांवर उपचार करायचे, त्यांनी नव्वदच्या दशकात तो रुजवला. जिवाला धोका होता म्हणून होणारा त्रास वेगळा. आपण काहीतरी चुकीचं केलं, किंवा योग्य ते करू शकलो नाही, याचा त्रास वेगळा. पहिल्यात माणूस दचकतो. दुसऱ्यात तो स्वतःला जेवायच्या ताटाच्याही लायक समजत नाही. डॉक्टर ‘तुझी चूक नव्हती’ म्हणतात, आणि ते खरंच असतं, पण ऐकणाऱ्याला ते वाक्य फाइलवरच्या शिक्क्यासारखं वाटतं. पाद्र्याचा तर धंदाच पापपुण्याचा. ‘चूक’ हा शब्द ऐकून तो दचकत नाही, ऐकून घेतो. या कामात धर्माच्या माणसाचा उपयोग का होतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. तो धर्म आपलाच असावा लागतो का? आमच्याकडे तरी लागला नाही.

तिसऱ्या महिन्यात कधीतरी मुलगा म्हणाला, “तुम्हाला प्रार्थना करायची असेल तर करा.” मी त्या दिवशी लवकर परतले होते, म्हणून कानावर पडलं. मिनिटभराचीसुद्धा नव्हती. येशूचं नाव एकदा, शेवटी. बाकी झोप लागू दे, गुडघा बरा होऊ दे, आणि आईची काळजी कमी होऊ दे. बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “एवढंच? हे तर मीही रोज म्हणते.”

आता तक्रारींकडे येते.

रात्री हे लोक नाहीत. कार्डावर ‘कधीही फोन करा’ छापलंय ते खोटं आहे. मागच्या हिवाळ्यात एका रात्री मुलाचं बोलणं मला बरं वाटलं नाही. मी नंबर लावला, निरोप ठेवायचं यंत्र लागलं. मग ९८८ लावून १ दाबलं. ती माजी सैनिकांसाठीची सरकारी लाइन. तिथे खरोखर माणूस उचलतो, आणि घरच्यांनी केलेला फोनही चालतो. मुलगा बोलायला तयार झाला, पाऊण तास बोलला. चॅप्लेन सकाळी सातला फोनवर आले, त्यांची चूक नाही, सत्तरीचा माणूस रात्री झोपणारच. पण कार्डावर ९८८ मोठ्या अक्षरांत छापा आणि ‘कधीही’ काढा. मी हे लेखी कळवलंय. नवी कार्डं अजून दिसली नाहीत.

दुसरं, गुप्ततेचं. लष्करातल्या चॅप्लेनला सैनिकाने विश्वासाने सांगितलेलं कुणालाही सांगता येत नाही, वरिष्ठांना नाही, कोर्टाला नाही. सैन्यातल्या पोरांना हे तोंडपाठ असतं, आणि ती तोच समज घेऊन या स्वयंसेवकांशी बोलतात. स्वयंसेवकाला तेच कवच प्रत्येक राज्यात मिळेल असं नाही, कायदे वेगवेगळे आहेत. आमच्या म्हाताऱ्यांनी बादलीवर बसल्या बसल्या दुसऱ्याच भेटीत हे मुलाला सांगितलं, असं तो म्हणाला. निळ्या जॅकेटवाल्यांनी सांगितलं नव्हतं.

आणि तिसरं, शिक्षणाचं. ‘चॅप्लेन’ हा शब्द जॅकेटवर शिवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. इस्पितळातल्या कामाचं जे रीतसर प्रशिक्षण असतं त्याचं एक सत्र ४०० तासांचं असतं, आणि प्रमाणपत्रासाठी अशी चार सत्रं लागतात. आमच्या म्हाताऱ्यांची दोन झालीत. निळ्या जॅकेटवाल्यांचा शनिवार-रविवारचा कोर्स झाला होता. संस्थेत दोघांचं पद एकच, बिल्ला एकच. हे बरोबर नाही. येणाऱ्या माणसाला विचारायला संकोचू नका. आपण गळणारा नळ दुरुस्त करायला येणाऱ्याला दहा प्रश्न विचारतो.

एक गोष्ट मात्र अशी पाहिली की तिच्यासाठी मी त्यांना एरवी दिला नसता तोही तारा दिला असता. एका माजी सैनिकाचा दफनविधी होता, नात्यातलं कुणीच नव्हतं. चॅप्लेननी मुलाला विचारलं, येशील का? मुलाने मला विचारलं, गाडी चालवशील का? अशी मी तिथे पोचले. इथल्या कायद्याने प्रत्येक पात्र माजी सैनिकाला लष्करी मानवंदना मिळते: गणवेशातले किमान दोन जण, झेंड्याची घडी, आणि बिगुलावर ‘टॅप्स’ची धून. धार्मिक विधीचा माणूस त्यात नाही. तो घरच्यांनी आणायचा. घरचेच नसले तर? तर ही मंडळी येतात.

दोन कोवळी पोरं आली होती, एकोणीस-वीसची. शवपेटीवरचा झेंडा पाच फूट रुंद आणि साडेनऊ फूट लांब, दोघांनी तो उचलून ताणला आणि तेरा घड्या घालत त्रिकोण केला. त्रिकोण दुमडताना कापड एकदा सुटलं, तेव्हा एका पोराच्या ओठांची हालचाल मी पाहिली, तो घड्या मोजत होता. बिगूल वाजला तो सुरेख वाजला, जरा जास्तच सुरेख. मुलगा नंतर गाडीत म्हणाला की आत एक यंत्र असतं, बटण दाबलं की धून वाजते, पोरगा नुसता ओठांना लावून उभा असतो. खरे बिगूल वाजवणारे पुरत नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो उभा होता ना.

चॅप्लेननी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचलं, मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव तीनदा घेतलं, हुद्दा घेतला, सैन्यातली वर्षं सांगितली. बाकी त्याच्याविषयी कुणालाच काही माहीत नव्हतं आणि त्यांनी काही रचून सांगितलं नाही. झेंडा तिथल्या एका वृद्ध स्वयंसेविकेने दोन्ही हातांनी घेतला. सगळं मिळून बारा मिनिटं. मुलगा साध्या शर्टात होता तरी त्याने सॅल्यूट केला. गणवेश नसलेल्या माजी सैनिकालाही झेंड्याला सॅल्यूट करायची मुभा २००८च्या कायद्याने मिळालीय. त्याचा हात मी दहा वर्षांनी तसा वर गेलेला पाहिला. तेव्हापासून तो अशा अंत्यविधींना स्वतःहून जातो, महिन्यातून एखादा. संस्थेचा सभासद नाही. झालाही नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही.

फेब्रुवारीत हॉलमध्ये चार चॅप्लेनांचा दिवस पाळतात, तिथेही गेलो होतो. ३ फेब्रुवारी १९४३ला सैनिकांना घेऊन निघालेलं अमेरिकेचं डॉर्चेस्टर जहाज ग्रीनलंडजवळ बुडालं, ९०२ जणांतले २३० वाचले. जहाजावरच्या दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक ज्यू चॅप्लेननी आपली जीवरक्षक जॅकेटं दुसऱ्यांना देऊन टाकली आणि चौघंही गेले. भिंतीवर १९४८चं त्यांचं ३ सेंटचं टपाल तिकीट चौकटीत लावलंय. भाषणं लांबली, खुर्च्या टणक होत्या, कॉफी पाणचट. पण आमचे म्हातारे तिथे बोलले नाहीत. मागच्या रांगेत मुलाच्या शेजारी बसले, बरा कान त्याच्याकडे करून.

तर घ्या ही सेवा, पण मुलाला, नवऱ्याला, ज्याच्यासाठी घेताय त्याला विचारून घ्या. माझ्यासारखं रात्री दोनला चोरून फॉर्म भरू नका. पहिला माणूस पटला नाही तर दुसरा मागा, देतात. औषधं, समुपदेशक सोडून याच्यावर भिस्त ठेवू नका. चॅप्लेननीच मुलाला परत व्हीएच्या दारात नेऊन सोडलं, गाडीत बसून राहिले, हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम. प्रवचन चालत असेल तर निळं जॅकेटही चालेल, काहींना तेच हवं असतं.

येण्याआधी फोन करत जा, असं मी जे लिहून दिलं होतं, ते मात्र त्यांनी ऐकलं. फॉर्मवर आता एक रकाना आहे, ‘येण्याआधी कसं कळवावं?’ आमच्याकडे म्हातारे दर मंगळवारी कोपऱ्यावर गाडी थांबवतात आणि आधी मला फोन करतात. दोन वर्षांत वाक्य बदललेलं नाही. “मॅम, मी आहे. काही झालेलं नाही. येतोय.”